कोपरापाशी इंजिन बंद करतात

ता. ४, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालते. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा तसाच आहे, म्हणजे जिना चढताना दुखतो आणि कुणी विचारलं की दुखत नाही. शिवणाचं काम तिने कमी केलेलं नाही. सध्या बोटींच्या ताडपत्र्या घरभर पसरल्यात आणि आम्ही त्यांच्या कडेकडेने चालतो. बाबांची तब्येत चांगली आहे. आवाजसुद्धा.

फोन करणार होते. पण फोनवर तू ‘हं’ म्हणतेस, आणि त्या ‘हं’च्या पुढे मला जाता येत नाही. शिवाय आपल्याला लिहायचीच सवय. बंधाऱ्यावरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा शाळा पाण्याच्या पलीकडे होती, म्हणून आत्याने हिशेब शिकवला, आईने अक्षर, आणि बाबांनी बाकी सगळं. त्यात दर आठवड्याला एक पत्र असायचं. तू स्वयंपाकघरातून लिहायचीस आणि मी पडवीतून. तुझी पत्रं दोन ओळींची, माझी पाठपोट. बाबा म्हणायचे, थोरलीला पत्रकर्ती म्हणायचं की तारवाली? आणि मला म्हणायचे, शंकाबाई, मुद्द्यावर या.

तर मुद्दा.

कंपनीने मला तिकिटाच्या खिडकीवरून उठवलं. घाबरू नकोस, नोकरी आहे. काम दुसरं दिलंय. आमच्याकडे नव्या व्यवस्थापक आल्यात, सगळे त्यांना नव्या बाई म्हणतात. बाई वाईट नाहीत. ऑफिसात आल्यावर आधी खिडक्या उघडतात आणि मग बोलतात. त्यांनी ठरवलंय की पुढच्या हंगामापासून बोटीवर माहिती सांगणारा माणूस नको. प्रत्येक प्रवाशाच्या कानात यंत्र द्यायचं, त्यात भरलेला आवाज. ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी बाबांची शेवटची फेरी.

हे मी एका ओळीत लिहिलं, पण लिहायला पाऊण तास गेला. मध्ये उठून दोनदा गॅस बंद आहे का ते पाहून आले.

बाई मला म्हणाल्या, “तुझ्या वडिलांचं बोलणं मला कागदावर हवंय. भूगोल, इतिहास आणि माणसं असे तीन भाग पाड.”

“त्यांनाच सांगा ना लिहून द्यायला.”

“सांगितलं. म्हणाले, ज्याला ऐकायचंय त्याने तिकीट काढावं.”

आता मी तिकीट कसं काढणार? तू गेल्यापासून घरातल्या कुणी बोटीवर यायचं नाही असा बाबांचा नियम आहे. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. पहिल्यांदा मी वर चढायला गेले तेव्हा ते नुसते बाजूला सरकले नाहीत, एवढंच. मी खिडकीत बसून रोज त्यांच्याच फेरीची तिकिटं फाडायचे आणि ते पाण्यावर काय बोलतात हे मला चार वर्षं ठाऊक नव्हतं. बाहेरगावची माणसं फेरीवरून परत येताना हसत यायची, आणि मला वाटायचं, कशाला हसली असतील.

म्हणून मी खाली बसले. इंजिनापाशी, मौनीबाबांच्या शेजारी. तेच आहेत अजून. वर बाबा बोलतात आणि खाली हे गप्प राहतात, अशी त्यांची वाटणी पहिल्यापासूनची. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी तेलाचा डबा सरकवून जागा केली आणि म्हणाले, “बस.” वरच्या भोंग्याला एक वायर जोडून खालीही भोंगा लावलेला आहे, त्यामुळे नीट ऐकू येतं.

बाबांना न सांगता ऐकणं बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कामाचं आहे म्हणून बरोबर. पण कामाचं आहे असं स्वतःला इतक्यांदा सांगावं लागतं, त्या अर्थी काहीतरी चूक असेल.

भूगोल सोपा गेला. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला शहर. नदी उत्तरेकडून येते आणि तळ्यात शिरून नाव हरवून बसते. बाबा सांगतात, “पूर्वी इथे तळं नव्हतं, नुसती दरी होती. एका रात्रीत डोंगराचा खांदा निसटून खाली बसला आणि नदीला जायला वाट राहिली नाही. नदी थांबली, मग माणसं थांबली, मग शहर झालं. म्हणजे आपण सगळे एका अडथळ्यामुळे इथे आहोत, हे लक्षात ठेवा आणि उतरताना घाई करू नका.”

इतिहासात त्यांनी बरंच टाकलंय जे आपल्याला शिकवलं नव्हतं. घड्याळाच्या मनोऱ्याचं ऐक. “ह्याला दोन तोंडं. एक साबणाच्या कारखान्याकडे, एक गावाकडे. दोघांची वेळ बसवल्यापासून जुळलेली नाही. त्यामुळे ह्या शहरात कुणालाच उशीर होत नाही. ज्याला जी वेळ सोयीची, त्या बाजूने तो येतो.” कारखाना बंद पडून तिथे आता वाचनालय झालं, पण पावसाळी हवा असली की पुस्तकांना अजून साबणाचा वास येतो, हेही सांगतात. ते खरं आहे, मी जाऊन वास घेऊन आले.

आणि माणसं. रंगाऱ्यांची गल्ली, जिथली गटारं आठवड्याच्या वाराप्रमाणे रंग बदलायची. जाळी विणणाऱ्या बायका, ज्या अजून उंबऱ्यावर बसतात पण आता जाळी खेळाच्या मैदानांना विकतात. पलीकडच्या काठावर आग लागली तेव्हा होड्यांतून आलेली कुटुंबं. त्यांची पणतवंडं शाळेत जायला लागली तरी सगळे त्यांना ‘पलीकडचे’च म्हणतात. बाबा म्हणतात, “माझी बायको पलीकडची. लग्नाला तीस वर्षं झाली. अजून पोचायची आहे.” हे ऐकून मी एकटीच खाली हसले आणि मौनीबाबांनी माझ्याकडे पाहिलं.

कोपराचं मात्र नीट टिपता आलं नाही. नव्या बाईंना मी समजावून सांगितलं की तळं हाताच्या कोपरासारखं जिथे वाकतं, त्या जागेला कोपर म्हणतात, तिथे पाणी काळं दिसतं, आणि तिथे तळ नाही, पाणी अथांग आहे असं इथली माणसं पिढ्यानपिढ्या सांगत आली. बाबाही सांगायचे. त्यांनी आपल्याला शिकवलं तेव्हाही तसंच. मग तू जलखात्यात सर्वेक्षक झालीस. पुढचं तुला माहीत आहे, मी लिहिणार नाही. त्या दिवशी मी खिडकीत होते. फेरी संपायच्या बरीच आधी बोट धक्क्याला लागली आणि तू एकटी उतरलीस, एवढंच मी पाहिलं. बाकीचं मला निरनिराळ्या लोकांनी निरनिराळं सांगितलं.

तर आता कोपरापाशी बाबा काय बोलतात ते मला ऐकू आलं नाही. इंजिनचा आवाज फार होता.

आई विचारतेय कुणाला लिहितेस. मी म्हटलं, कामाचं आहे.

तुझी धाकटी


ता. ७, गुरुवार

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. टपालात टाकल्याबरोबर लक्षात आलं, पण पेटीत हात जात नाही. तुझ्याही लगेच लक्षात आलं असेल. कोपरापाशी इंजिन बंद करतात. तिथली शांतता लोकांना ऐकता यावी म्हणून बाबांनीच ती पद्धत घातली. बोट तिथे नुसती तरंगते, आणि भोंगा खाली माझ्या कानापाशी होता. मला शब्द न् शब्द ऐकू आला. एकदा नाही, चार फेऱ्यांना.

चूक दिसली की जागच्या जागी, मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगायची, हा बाबांचा नियम. घरातल्या शाळेचा तो एकच नियम होता. आईने पाढ्यात गडबड केली तर आपण तिच्या तोंडावर सांगायचो आणि बाबा टाळी वाजवायचे. मी खऱ्या शाळेत गेले तेव्हा पहिल्याच दिवशी बाईंना सांगितलं की फळ्यावरचा नकाशा उलटा टांगलाय. मला दाराबाहेर उभं केलं. त्यानंतर मी बोलायच्या आधी सगळं तीनदा तपासायला लागले आणि तपासून झालं की बोलायचंच राहून जायला लागलं. तुझं तसं झालं नाही. तुला नियम लागला तो लागलाच.

बाबा काय बोलतात ते लिहिते. जसं ऐकलं तसं लिहिते, एक शब्द इकडचा तिकडे करत नाही.

इंजिन बंद होतं. मग म्हणतात:

“ही जागा अथांग आहे असं लोक म्हणतात. मीही म्हणायचो. वीस वर्षं ह्याच जागी उभं राहून म्हटलं. मग एकदा माझी थोरली मुलगी बोटीवर आली. ती तिथे बसली होती, त्या निळ्या शर्टवाल्या गृहस्थांच्या जागी. जलखात्यात सर्वेक्षक होती. मी अथांग म्हटलं आणि ती उभी राहिली. म्हणाली, चूक. अथांग नाही बाबा, आम्ही मागच्या आठवड्यात मोजलंय. बोट भरलेली होती. लोक हसले. चूक दिसली की सगळ्यांसमोर सांगायची, हे मीच तिला शिकवलं होतं. पण मला सांगेल असं काही माझ्या डोक्यात नव्हतं. ती आकडा सांगणार एवढ्यात मी पाय दोनदा आपटला. ती खालच्या माणसाला ताबडतोब निघायची खूण आहे. खाली इंजिन सुरू झालं. तिचे ओठ हलताना दिसले, आकडा ऐकू आला नाही. मग मी बोट परत फिरवली आणि तिला म्हटलं, उतर. ती उतरली. तेव्हा ह्या पाण्याची खोली किती, हे तुम्ही मला विचाराल तर मला माहीत नाही. अथांग नाही, एवढं नक्की.”

हे सगळं ते त्याच आवाजात सांगतात ज्यात मनोऱ्याचं सांगतात.

काल एक गृहस्थ म्हणाले, “आकडा ठाऊक नाही तर तिकीट अर्धं करा.”

बाबा म्हणाले, “अर्ध्या तिकिटात अर्धं तळं दाखवीन. परत पोहत यावं लागेल.”

सगळे हसले. मग एक म्हातारी बाई म्हणाली, “अहो, पण मुलीला विचारा की सरळ.”

बाबा म्हणाले, “मला बोलायची सवय आहे, आजी. विचारायची नाही.” आणि एकदा पाय आपटला. एकदा म्हणजे नेहमीसारखं निघायचं.

मी मौनीबाबांकडे पाहिलं. मला वाटलं, मी खाली बसते हे बाबांना कळलं असेल आणि म्हणून ते हे बोलायला लागले असतील. तसं असेल तर ते माझ्यासाठी, आणि मग मी ते तुला सांगायला नको. मी विचारलं, “हे असं कधीपासून सांगतात?”

“ती गेली तेव्हापासून,” मौनीबाबा म्हणाले. मग पाना पुसत, “रोज. प्रत्येक फेरीला.”

ताई, घरात तुझं नाव निघालं की बाबा उठून पाणी प्यायला जातात. मला वाटायचं राग आहे.

रात्री जेवताना मी आईला म्हटलं, “तुला माहीत होतं?”

“काय?”

“बाबा बोटीवर काय सांगतात ते.”

“मी काय बहिरी आहे? सगळं शहर ऐकून येतं. ब्लाउजची मापं द्यायला येणाऱ्या बायकासुद्धा मला सांगून जातात.”

“मग तू त्यांना काही म्हणाली नाहीस?”

“काय म्हणू? त्यांना समोर बोटभर माणसं बसवल्याशिवाय खरं बोलता येत नाही. मी एकटी पडते.” मग तिने ताडपत्रीची सुई तोंडात धरली, म्हणजे विषय संपला.

आता कामाचं. मजकूर मी लिहिला. भूगोल चार पानं, इतिहास सहा, माणसं पाच. कोपराचं कुठल्या भागात घालायचं हे मला कळेना. शेवटी माणसांत घातलं. बाबांची हकीकत सगळी काढून टाकली, कारण ती माझी नाही आणि कंपनीचीही नाही. फक्त एवढं ठेवलं की ‘ही जागा अथांग आहे असा समज होता. जलखात्याने मोजमाप केल्यावर इथली खोली’, आणि पुढे जागा सोडली.

नव्या बाईंनी वाचलं. “हे रिकामं का?”

“आकडा माझ्याकडे नाही.”

“जलखातं पाण्याच्या टाकीखाली आहे. पाच मिनिटांचा रस्ता.”

मी गेले. खरंच गेले. तुझं जुनं ऑफिस आहे तसंच आहे, जिन्यावरचा दिवा अजून फडफडतो. नकाशे सांभाळणाऱ्या बाईंनी मला ओळखलं. “कोपराचा नकाशा ना? काढते.” त्या आत वळल्या आणि मला एकदम वाटलं की हे बरोबर होत नाहीये. तू सांगायला उभी राहिली होतीस ते बाबांना. ते त्यांच्या आधी मी कागदावरून वाचायचं, पाच मिनिटांत, ऑफिसच्या कामासाठी? मी म्हटलं, “राहू द्या, नंतर येईन.”

त्या म्हणाल्या, “तुमच्याकडचे सगळे दारापर्यंतच येतात.”

सगळे म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी जिना उतरले, परत चढले, परत उतरले.

आज बाई म्हणाल्या, “हे बघ, आकडा असेल तर आकडा घाल. नसेल तर अथांग लिही. खरं सांगू का, लोकांना अथांगच आवडेल.” आणि वर म्हणाल्या, तुझा उच्चार स्वच्छ आहे, आवाजही तूच भर. शेवटच्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी आवाज भरायचा. त्यानंतर बदल नाही. ती यंत्रं भरून बंद होतात.

म्हणजे बाबांनी चार वर्षं रोज ‘अथांग नाही’ सांगितलं, आणि पुढच्या हंगामापासून माझ्याच तोंडून कोपर पुन्हा अथांग होणार.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त कळवते.

तुझी धाकटी


ता. १६, शनिवार

ताई,

तुझं पत्र आलं नाही. यायलाच हवं असं नाही. मी टपालवाल्याला रोज विचारते आणि तो आता मला लांबूनच मान हलवून दाखवतो.

पण मागच्या पत्राची शेवटची ओळ चुकली होती, म्हणून हे लिहिते.

मी बाबांना सांगितलं. काल दुपारी फेऱ्या संपल्यावर ते बाकं पुसत होते. ते काम त्यांचं नाही, पण अलीकडे करतात. मी पहिल्यांदाच वर गेले. त्यांनी पाहिलं आणि ह्या वेळी बाजूला सरकले.

“बाबा, मी गेले दोन आठवडे खाली बसून तुमचं ऐकते. कंपनीने सांगितलं होतं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“मौनी परवा दोन वाक्यं बोलला माझ्याशी. एकामागोमाग एक. तेव्हाच म्हटलं, खाली काहीतरी घडतंय.”

मला हसू आलं, आणि मग रडू आलं, आणि बाबांनी फडकं मला दिलं. ते ओलं आणि तेलकट होतं.

मी त्यांना कागदातल्या रिकाम्या जागेचं सांगितलं. अथांगचंही सांगितलं. ते बराच वेळ एकच बाक पुसत राहिले.

“आकडा जलखात्यात आहे,” मी म्हटलं. “मी गेले होते. घेतला नाही.”

“मीही गेलो होतो.”

“कधी?”

“झालं वर्ष. त्या बाईने नकाशा टेबलावर उलगडला. मी चष्मा काढून खिशात ठेवला.”

“का?”

“ती सांगत होती ना. थोरली. उभी राहून सांगत होती, आणि मी तिला सांगू दिलं नाही. आता मागच्या दाराने जाऊन वाचून घ्यायचं…” माणूस असा मध्येच थांबला की मला फार भीती वाटते, तुला ठाऊक आहे. मी वाट बघितली. त्यांनी फडकं पिळलं, पाणी कोपऱ्यातल्या बादलीत गेलं, आणि म्हणाले, “तिला हे सगळं कुणी लिहिलं असेल का?”

मी म्हटलं, “हो. लिहिलंय.”

“तू?”

“मी.”

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी विचारलं, “काय म्हणाली?”

“अजून काही नाही.”

“हं,” म्हणाले. अगदी तुझ्यासारखं. मग खाली उतरताना पायरीवर थांबले. “तिला सांग, मी बोलावलं असं म्हणू नकोस. बोलावलं की यावं लागतं. नुसतं सांग की फेरी कधी आहे.”

तर फेरी पुढच्या रविवारी, चोवीस तारखेला, दुपारची तीनची. तिकीट मी काढून ठेवणार नाही, कारण ते बोलावल्यासारखं होईल. पण त्या दिवसापुरती खिडकीवर मीच असेन, आणि तीनच्या फेरीची तिकिटं मी एक कमी विकणार आहे. हे कंपनीच्या नियमात बसत नाही. मी नव्या बाईंना आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “एक कमी म्हणजे कुणासाठी?” मी म्हटलं, “आकड्यासाठी.” त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि खिडकी उघडायला गेल्या, ती उघडीच होती.

आवाजाचंही मी त्यांना सांगितलं. सोमवारपर्यंत आकडा आला तर मी वाचीन, नाही आला तर मी वाचणार नाही, दुसरा आवाज शोधा. बाई म्हणाल्या, शोधीन, त्यात काही अवघड नाही. त्यांचं खरं आहे. स्वच्छ उच्चाराच्या मुली ह्या शहरात पुष्कळ आहेत. माझ्या नकाराने फक्त माझ्या तोंडून अथांग निघणार नाही. कोपराशी यंत्र ते म्हणेलच. ती फेरी रोज होईल, आणि बाबा घरी बसून ती बोट जाताना पाहतील. घरात ते बोलू शकत नाहीत, हे आईने सांगितलं तेव्हा मला गंमत वाटली होती. आता ते कुठे बोलतील ह्याचाच विचार मनात येतो. गेले काही दिवस ते घरात खोल्यांमधून फिरतात, खिडकीशी उभे राहतात, परत फिरतात. मीही फिरते. आईने काल ताडपत्र्या उचलून भिंतीशी लावल्या. म्हणाली, तुम्ही दोघं अडकून पडाल.

म्हणून आता मागते. मागच्या वेळी लिहिलं होतं, मागत नाही. ते पुसून टाक.

आकडा मला पत्रातून पाठवू नकोस. फोनवर सांगितलास तर मी फोन ठेवून देईन. तो मला नको आहे. नव्या बाईंना हवाय, कंपनीला हवाय, पण ज्यांनी तो चार वर्षं न बघता ठेवलाय त्यांना तो तुझ्या तोंडून हवाय, आणि तेही सगळ्यांसमोर. तू मागच्या बाकावर बस हवं तर. त्यांच्याकडे बघू नकोस हवं तर. ते कोपरापाशी येतील, इंजिन बंद होईल, ते तुझी सगळी हकीकत सांगतील आणि शेवटी म्हणतील की मला माहीत नाही. तेव्हा उभी राहा आणि सांग.

मौनीबाबांशी मी बोलून ठेवलंय. त्या दिवशी वरून दोनदा पाय आपटला तरी इंजिन सुरू करायचं नाही. ते म्हणाले, “मागच्या वेळीही करायला नको होतं.” इतकं लांब वाक्य मी त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं.

तू आलीस तर काय होईल हे मला माहीत नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. बाबा गप्प बसतील, किंवा काहीतरी विनोद करतील आणि तुला राग येईल, किंवा त्यांना आकडा ऐकूच येणार नाही कारण वारा असेल. तू मला रागावशील की ह्यात तुला ओढलं. रागाव. मी काय बरोबर केलं आणि काय चूक, हे मला एरवी कधीच ठरवता येत नाही. पण तू यावंस असं मला वाटतं, एवढं मी तीनदा तपासलं आणि तीनदा तेच आलं.

वाट बघत नाही असं लिहून पत्र संपवणार होते. ते खरं नाही.

वाट बघणारी, तुझी

धाकटी